पोटातलं थालीपीठ

त्रिशलाक्कांच्या शिलाईच्या दुकानात एक नियम होता आणि त्या नियमानं गिऱ्हाइकांच्या डोक्याला ताप व्हायचा. तुम्ही मापाचा ब्लाऊज आणा, नाहीतर मोबाइलवर आकडे लिहून आणा. अक्का ते शांतपणे बाजूला ठेवणार, गळ्यातली टेप काढणार आणि म्हणणार, "हात वर करा."

"अहो अक्का, याच मापाचा तर शिवायचाय!"

"माप त्याचं, पण घालणार तुम्ही ना? करा वर."

मजलेवाडीतल्या बायका कुरकुरायच्या आणि हात वर करायच्या. कारण अख्ख्या कृष्णाकाठी अक्कांसारखी फिटिंग कोणाची नव्हती. विशीत असताना त्यांनी एका नवरीचे सात ब्लाऊज मापाच्या ब्लाऊजवरून कापले होते. तो निघाला नवरीच्या धाकट्या बहिणीचा. लग्नात नवरीनं शाल पांघरून फोटो काढले, भर वैशाखात. तेव्हापासून मोजल्याशिवाय कातर लावायची नाही, ही अक्कांची शपथ.

ही गोष्ट आणखी पंधरा-सोळा वर्षांनी घडणारी आहे. तोवर मजलेवाडीच्या आरोग्य केंद्रात 'देहपट' आलेला असेल. देहपट म्हणजे कमरेला गुंडाळायचा एक रुंद पट्टा. त्यात तांदळाच्या दाण्याएवढी हजारो ध्वनियंत्रं. ती कानाला ऐकू न येणारा आवाज पोटात सोडतात आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपतात. चार मिनिटांत पडद्यावर आतलं सगळं रंगीत दिसू लागतं. लिव्हर, आतडी, किडन्या, अगदी चितारून ठेवल्यासारखं. मोठ्या शहरातल्या मोठ्या मशीनचं काम गावात आणि फुकट. पहिल्या तीन महिन्यांतच दोन बायकांच्या गाठी वेळेत सापडल्या, दोघी बऱ्या होऊन शेतावर जायलाही लागल्या. यंत्राचं गावभर कौतुक होतं.

आणि ते यंत्र चालवायची कोण, तर अक्कांची लेक, चंदना.

चंदना तेवीस वर्षांची, हुशार आणि तिखट. तिनं हे शिक्षण का घेतलं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. तिची आजी, म्हणजे अक्कांची आई, पोटातली गाठ दोन वर्षं पदराखाली लपवून बसली होती. 'कशाला उगीच सगळ्यांना घोर' म्हणत. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. चंदना तेव्हा दहावीत होती. त्या वर्षी ती जी गप्प झाली ती यंत्रावर बसली तेव्हाच पुन्हा हसायला लागली.

अक्कांचा नंबर मात्र लागत नव्हता. आधी लग्नसराई, मग गौरी-गणपती, मग दिवाळी. शेवटी एका सोमवारी चंदना दुकानात आली आणि शिलाई मशीनची वायर उपटून म्हणाली, "चल."

"अगं, बाही लावायची राहिलीय!"

"बिनबाहीची फॅशन आहे. चल म्हणते ना."

हुक-काजाचं काम करणाऱ्या रुक्साना मुजावर फिदीफिदी हसल्या. अक्का गेल्या.

चार मिनिटं. चंदनानं आईला पडद्यावर एकेक दाखवलं. "हे लिव्हर. ह्या बघ तुझ्या किडन्या, बरगड्यांखाली, दोन्हीकडं एकेक. किती सुरेख आहेत बघ!" अक्कांना आपल्याच किडन्यांचा जरा अभिमान वाटला. मग चंदना खाली सरकली, आणि बोलायची थांबली.

ओटीपोटात, मणक्याच्या पुढं, काहीतरी होतं. चपटं, तळहातापेक्षा मोठं. यंत्रानं त्याच्याभोवती लाल रेघ ओढली आणि खाली अहवाल उमटला. गाठ, अकरा सेंटिमीटर. रक्तपुरवठा भरपूर. घातक असण्याची शक्यता शंभरात एकोणनव्वद. सुई टोचून तुकडा काढू नये, पसरेल. सबंध काढून टाकावी.

शहरातल्या मोठ्या इस्पितळानं तासाभरात शनिवार दिला. शस्त्रक्रिया करणारे यांत्रिक हात हाच देहपटाचा नकाशा वाचून चालायचे. देखरेखीला सर्जन असायचे, पण नकाशा एकच.

घरात चूल पेटली नाही असं नाही, पण कोणी नीट जेवलं नाही. अक्कांचे यजमान भरतेश साखर कारखान्यात होते. एरवी घरात त्यांचाच आवाज, पण त्या दिवशी रीतीप्रमाणं सूर्यास्ताआधी ताटावर बसले आणि नुसते भाकरीचे तुकडे करत राहिले. अक्कांच्या डोळ्यांपुढून आईचं शेवटचं वर्ष हलत नव्हतं. मरायची भीती होतीच, खोटं कशाला बोला. पण लेकीला ते सगळं पुन्हा बघावं लागणार, याची भीती जास्त होती.

मंगळवारी सकाळी त्या मशीनवर बसल्या, कापायला घेतलेल्या कापडाकडं बघत राहिल्या आणि कातर खाली ठेवून घरी आल्या.

"चंदे, मला एक सांग. त्या पट्ट्यानं माझं सगळं पोट मोजलं का?"

"हो की."

"सगळं? चार मिनिटांत? मला एक ब्लाऊज मोजायला सात मिनिटं लागतात."

चंदनाला बरं वाटलं. निदान आई बोलतेय तरी. तिनं समजावून सांगितलं. सगळं मोजायचं तर अर्धा तास लागेल, आणि बाहेर रोज साठ माणसं. म्हणून पट्टा विसात एकच प्रतिध्वनी टिपतो. मधलं राहिलेलं गणितानं भरून काढतो. कशावरून? तर त्याला आधी एक कोटी माणसांची पोटं दाखवली आहेत. कुठल्या अवयवाशेजारी काय असतं, केवढं असतं, हे त्याला पाठ आहे. आवाजाचे चार ठिपके मिळाले की बाकीचं चित्र तो पुरं करतो.

"म्हणजे अंदाज."

"अंदाज नाही गं! गणित."

"बरं, गणित. मग माझं पोट कुठलं आणि त्या एक कोटी माणसांचं कुठलं, ते वेगळं करून दाखव."

यंत्रात 'कच्चं चित्र' नावाचं एक बटण होतं खरं. ते दाबलं की न मोजलेली जागा काळी दिसायची. पण चंदनाला प्रशिक्षणातच सांगितलं होतं, ते बंद ठेवायचं, पोटात भोकं दिसली की पेशंट घाबरतात. तिनं ते कधी दाबलंच नव्हतं. आणि एवढ्यासाठी यंत्र तासभर अडवून ठेवायचं?

"आई, उगीच फाटे फोडू नकोस. शनिवार मिळालाय."

"शनिवार जाऊ दे गं. मोजल्याशिवाय मी माझ्या पोटाला कातर लावू द्यायची नाही."

"पोट म्हणजे ब्लाऊज नव्हे!" चंदना ओरडली. तिचे डोळे भरले होते. "आजीनं हेच केलं. हेच! आज नको, उद्या बघू. तुला कळतंय का, एकेक दिवस जातोय तो! मी रोज दुसऱ्यांच्या आयांना वाचवते आणि माझीच आई माझं ऐकत नाही!"

अक्कांना ते लागलं. लेक चूक बोलत नव्हती, हेच तर दुखणं होतं. न मोजता कापलं तर काय होईल कोण जाणे, आणि मोजण्यात वेळ घालवला नि गाठ खरी निघाली, तर लेक जन्मभर स्वतःला खात बसेल.

शेवटी भरतेश बोलले. "शनिवारला चार दिवस आहेत. उद्याचा एक दिवस तुझ्या आईचा. मोजू दे तिला. गुरुवारपासून तू म्हणशील तसं. काय गं, कबूल?"

"कबूल," अक्का म्हणाल्या. चंदनानं नाक पुसलं आणि मान हलवली.

बुधवारी दुपारी तिघं डॉ. कुलभूषण उपाध्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर पंचाहत्तरीचे. दुपारचे दोन तास दवाखाना उघडायचे, तोही बायको वामकुक्षीला घरात थांबू देत नाही म्हणून, असं तेच सांगायचे. त्यांच्याकडं जुनं सोनोग्राफीचं मशीन होतं, काळ्या-पांढऱ्या चित्राचं, एक चाक डुगडुगतं. ते काही भरून बिरून काढत नसे. जे दिसेल ते दाखवायचं, न दिसेल ते नाही.

थंडगार जेली पोटावर पडली तशा अक्का दचकल्या. डॉक्टरांनी आधी उजव्या बरगडीखाली पाहिलं. मग डावीकडं. मग पुन्हा उजवीकडं. कपाळाला आठी.

"मशीन गेलं वाटतं आमचं," ते पुटपुटले. "चंदना, इकडं ये बाळ. झोप बघू जरा."

"मी? मला काय झालंय?"

"तुला काही नाही, मशीनला झालंय का बघायचंय. झोप."

आई उठली, लेक झोपली. डॉक्टरांनी पाहिलं. "ही उजवी, ही डावी. दोन्ही जागेवर, उत्तम. मशीन ठीक आहे. उठ. त्रिशलाबाई, तुम्ही परत या."

पुन्हा बरगड्यांखाली. पुन्हा काही नाही. चंदना पडद्याजवळ आली. सोमवारी जिथं तिनं दोन सुरेख किडन्या पाहिल्या होत्या, तिथं नुसती आतडी वळवळत होती.

"काका... किडन्या कुठायत?"

डॉक्टरांनी हात खाली, ओटीपोटावर आणला. ती आली, चपटी, रुंद, लाल रेघेतली गाठ. त्यांनी ती आडवी पाहिली, उभी पाहिली. मग एक खटका दाबला तसं त्या काळ्या-पांढऱ्या चित्रात वाहतं तेवढं रंगीत झालं. चार-पाच बारीक शिरा त्या चपट्या गोळ्यात शिरताना दिसल्या. मग त्यांनी मूत्राशय पडद्यावर घेतलं आणि हात स्थिर धरून वाट पाहत बसले. भरतेशना वाटलं डॉक्टरांना डुलकी लागली.

एवढ्यात मूत्राशयात डावीकडून रंगाची एक चिळकांडी उडाली. थोड्या वेळानं उजवीकडून दुसरी.

"हां!" डॉक्टर एकदम ओरडले. "बघितलंस? बघितलंस का, चंदना? त्या गोळ्यातनं दोन नळ्या निघून इथं आल्यात. गाठ कधी लघवी तयार करत नाही, बाई! ह्या किडन्या आहेत. दोन्हीच्या दोन्ही!"

कोणालाच काही कळेना. डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढलं. आईच्या पोटात असताना सगळ्यांच्याच किडन्या खाली ओटीपोटात तयार होतात. मग पुढच्या तीन-चार आठवड्यांत त्या वर चढतात, एक डावीकडून, एक उजवीकडून, आणि बरगड्यांखाली जाऊन बसतात. अक्कांच्या मात्र निघायच्या आधीच एकमेकींना भेटल्या. कडेला कड चिकटली, दोघींची मिळून एक झाली, आणि मग वरची वाट बंद. राहिल्या तिथंच. जवळच्या शिरांतून रक्त घेतलं आणि सत्तेचाळीस वर्षं काम करत बसल्या.

"भेटल्या म्हणजे गप्पा मारत बसल्या असतील," भरतेश म्हणाले. दोन दिवसांत त्यांचा हा पहिला विनोद. "बायकाच त्या."

"इंग्रजीत याला पॅनकेक किडनी म्हणतात. आपल्या भाषेत म्हणायचं तर थालीपीठ. चाळीस वर्षांत मी हजारो पोटं बघितली, पण हे आजवर पुस्तकातच बघितलं होतं." डॉक्टरांना आनंद लपवता येत नव्हता. मग त्यांचा आवाज खाली आला. "शनिवारी तुमची गाठ काढली नसती. दोन्ही किडन्या काढल्या असत्या. तिसरी कोणाला नसते."

चंदना खोलीबाहेर गेली आणि पायरीवर बसली. अक्का पोटावरची जेली पुसत तिच्यामागं आल्या.

"तुझ्या किडन्या यंत्रानं मनानं काढल्या, आई. सगळ्यांच्या तिथं असतात, म्हणून तुझ्याही काढल्या. आणि मी तुला म्हटलं, किती सुरेख आहेत."

"मग? आहेतच सुरेख. पत्ता चुकला."

"हसू नकोस गं!"

"हसू नको तर काय करू? माप चुकलं, कापड शाबूत आहे. यासारखं सुख नाही आमच्या धंद्यात." अक्कांनी तिला जवळ ओढलं. त्यांचेही डोळे वाहत होते, पण तोंडावर हसू होतं. गाठ नव्हती, लेक जवळ होती, आणि समोर उसाच्या गाड्या चालल्या होत्या. इतकं छान त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"अजून एक आहे," चंदना म्हणाली. "तपासणीआधी फॉर्म भरायचा असतो. पंचवीस प्रश्न. त्यात लघवीचा काही त्रास आहे का, असा प्रश्न आहे. मी 'नाही' लिहिलं. तुला विचारलंच नाही. म्हटलं, माझ्या आईचं मला ठाऊक नाही का? तुला त्रास होतो का?"

अक्का ओशाळल्या. त्यांना लहानपणापासून उन्हाळी लागायची. वर्षातून चार-पाचदा लघवीला आग, कंबर धरून बसायचं, धण्याचं पाणी प्यायचं, झालं. ही काय कोणाला सांगायची गोष्ट? आईला नाही सांगितली, नवऱ्याला नाही, लेकीला तर नाहीच.

"होतो," त्या म्हणाल्या.

"बघ. यंत्रानं जे केलं तेच मी केलं."

गुरुवारी चंदनानं केंद्रात जाऊन ते न दाबलेलं बटण दाबलं. आईचं कच्चं चित्र आलं. बरगड्यांखाली दोन्हीकडं काळोख होता, एकही ठिपका मोजलेला नव्हता. मग तिनं गेल्या दहा दिवसांतली सगळी चित्रं एकेक करून काढली. सहाशे बारा माणसं. दर चित्रात असे काळे डबरे. तिनं यंत्र बंद केलं, कुलूप लावलं आणि स्वतःच्या नावानिशी अहवाल पाठवला. त्यात आईचं नाव लिहिलं, आपण फॉर्म न विचारता भरला तेही लिहिलं. यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या साहेबांचा फोन आला. असली किडनी लाखांत एखाद्याला असते, म्हणाले, एवढ्यासाठी यंत्र बंद?

"त्या लाखांतली एक मला रोज डबा देते, साहेब," चंदना म्हणाली आणि फोन ठेवला. रुक्सानांनी ते वाक्य गावभर सांगितलं.

नोकरी जाता जाता राहिली, कारण अहवाल वरपर्यंत गेला आणि इतर तालुक्यांतही काळे डबरे निघाले. दोन महिन्यांनी नवी पद्धत आली. पट्ट्याला आता तीस मिनिटं लागायची. मोजलेलं तेवढंच रंगीत, न मोजलेलं राखाडी, आणि राखाडीवर यंत्रानं मत द्यायचं नाही. चंदनानं कुलूप काढलं, पट्टा पुसला आणि वाट पाहत बसली.

चिटपाखरू फिरकलं नाही.

आठवडा गेला, दुसरा गेला. 'आईच्या किडन्या कापायला निघालेलं मशीन' असं त्याचं नाव पडलं होतं. चंदना रिकामी बसून घरी यायची. एके दिवशी म्हणाली, "मी राजीनामा देते. माझ्यामुळं लोक घाबरले. आता कोणाच्या पोटात खरंच गाठ असली तर ती तशीच राहणार. आजीसारखी."

दुसऱ्या दिवशी दुकानात रुक्साना काज करता करता कुशीला हात लावून वाकल्या. चौथ्यांदा.

"काय होतंय?"

"काही नाही वो अक्का. वारा धरलाय."

"किती दिवस?"

"झाला असंल महिना."

अक्कांच्या अंगावर काटा आला. आईही असंच म्हणायची, वारा धरलाय. त्यांनी टेप गळ्यातनं काढून टेबलावर आपटली. दुकानात सहा-सात बायका होत्या, लग्नसराईचे ब्लाऊज न्यायला आलेल्या.

"ऐका गं सगळ्या! चाळिशी उलटलेल्या एकीलाही मी ब्लाऊज देणार नाही. आधी चंदनाच्या यंत्रावर पोट मोजून यायचं, चिठ्ठी दाखवायची, मग ब्लाऊज."

"अवो अक्का, हा काय जुलूम!"

"जुलूम तर जुलूम. जा, मापाचा ब्लाऊज घेऊन दुसरीकडं शिवा."

"आणि तुमच्यावाणी झालं म्हंजे?" रुक्साना म्हणाल्या. "आधी तुम्ही झोपा की त्या मशीनवर. मग आम्ही."

अक्कांच्या मनात ती लाल रेघ अजून ताजी होती. मग त्यांनी दुकानाला कडी घातली.

"चला."

वरात निघावी तशा सगळ्या आरोग्य केंद्रात पोचल्या. चंदना खुर्चीत बसल्या बसल्या राजीनाम्याचा कागद लिहीत होती. आईला आणि मागं दारात दाटीवाटीनं उभ्या बायकांना बघून ती उठलीच.

"आई, तुझं तर झालंय सगळं. तुला काय गरज?"

"मला नाही, तुला आहे. बांध पट्टा."

अक्का पलंगावर आडव्या झाल्या. चंदनानं पट्टा हातात घेतला, मग खाली ठेवला आणि राजीनाम्याचा कागद उलटा करून त्याच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.

"आधी फॉर्म. नाव?"

"अगं, नाव काय विचारतेस? तुला माहीत नाही?"

"नाही. सांग."

बायका हसल्या. अक्कांनी लेकीकडं नीट पाहिलं. ती हसत नव्हती.

"त्रिशला भरतेश मगदूम."

"वय?"

"सत्तेचाळीस."

एकेक करत प्रश्न पुढं सरकले. अकराव्या प्रश्नाशी चंदना थांबली. दाराकडं एकदा बघितलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "लघवीचा काही त्रास? उन्हाळी लागते?"

दारातल्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. असलं कोणी चारचौघींत विचारत नाही, आणि विचारलंच तर उत्तर एकच असतं. अक्कांचे कान तापले. पण लेक पेन धरून उभी होती, आणि ह्या वेळी तिनं आधीच काही लिहून ठेवलं नव्हतं.

"लागते," अक्का दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "लहानपणापासून लागते. वर्षातनं चार-पाचदा."

चंदनानं लिहून घेतलं. दारात कोणीतरी खाकरलं.

"मलाबी लागते," रुक्साना मुजावर म्हणाल्या. "आणि ते कुशीत दुखतंय ते वारा न्हाई वाटत मला."

"माझं रक्त जातं गं कधी कधी," मागून आणखी एक आवाज आला.

"अगं मग बोलली नाहीस कधी!" तिसरी म्हणाली. आणि मग सगळ्या एकदमच बोलायला लागल्या.

"थांबा, थांबा!" चंदना हसत म्हणाली. "एकेकीनं. मी सगळ्यांना विचारणार आहे. रुक्सानाकाकी, तुमचा नंबर दुसरा. बसा तिथं. आई, हात वर कर."

अक्कांनी हात वर केले.